वाचकांचे प्रश्न : सांगावा सकाळी, काम संध्याकाळी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत कॉम्प्युटरचं काम पाहतो. आमच्या १४ गावांत पऱ्हाटीत कामगंध सापळे (वासाने पतंग ओढणारे) लावले आहेत. सकाळी बाया सापळ्यातले पतंग मोजतात आणि १० वाजेपर्यंत मोबाइलवरच्या फॉर्मात आकडा टाकतात, तो शीटमध्ये जमा होतो. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी एनएटएन (n8n, ठरवून दिलेली कामं आपोआप करणारा प्रोग्राम) बसवलं आहे. त्यात एक वर्कफ्लो (एकामागून एक करायच्या कामांची साखळी) ११ वाजता चालतो आणि कोणत्या गावात गुलाबी बोंडअळीचे पतंग फवारणीच्या पातळीच्या वर गेले ते काढतो. दुसरा वर्कफ्लो त्या गावच्या शेतकऱ्यांना एसएमएस पाठवतो. पहिल्यातून दुसऱ्याला बोलावता येतं, हे मी शिकलो. पण बोलावला की तो तेव्हाच, ११ वाजताच सुटतो. त्या वेळी लोक वावरात असतात आणि फोन घरी चार्जिंगला. मले मेसेज सांजच्याला ७ वाजता जायला पाहिजे. पहिल्या वर्कफ्लोतून दुसऱ्याला ‘७ वाजता चाल’ असं सांगता येतं काय? सध्या मधात ‘वेट’ नोड (वेळ होईस्तोवर थांबवणारा टप्पा) टाकला आहे. चालते, पण मन मानत नाही.

उत्तर : भाऊ, तुमचं मन मानत नाही ते बरोबर आहे. त्या वेट नोडवर मी एक अख्खा हंगाम काढला आहे, आणि तो कुठे दगा देतो ते वावराच्या धुऱ्यावर उभं राहून पाहिलं आहे. ते आधी सांगते.

माझीही मांडणी तुमच्यासारखीच होती. ११ ला हिशेब, मग वेट, ७ ला मेसेज. आमच्या एका गावात सलग २ रात्री सापळ्यामागे सरासरी ९ आणि १० पतंग आले होते. सलग ३ रात्री सापळ्यामागे ८ पतंग ही पातळी तुम्हाला ठाऊकच आहे. तिसऱ्या सकाळी ५ सापळ्यांत ४, ५, ३, ६ आणि ४ पतंग होते. बेरीज २२, सरासरी ४.४. म्हणजे पातळीच्या चांगलीच खाली. पण फॉर्म भरताना पहिल्या सापळ्याच्या ४ चे ४४ झाले. बेरीज ६२, सरासरी १२.४. ११ वाजता वर्कफ्लोने ते गाव लाल यादीत टाकलं आणि मेसेज तयार करून वेटमध्ये ठेवला. मोजणाऱ्या ताईंच्या ३ वाजता लक्षात आलं, त्यांनी शीटमध्ये आकडा दुरुस्त केला. शीट खरी झाली. मेसेज मात्र ७ वाजता गेलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला तेव्हा एका काकाजींनी औषध आणलं होतं आणि दोन मजूर लावले होते. मी पोचेस्तोवर पहिला पंप रिकामा झाला होता. आम्ही दोघांनी मिळून धुऱ्याजवळचा सापळा उतरवला, खालच्या पिशवीची गाठ सोडली आणि पतंग तळहातावर घेतले. बारीक, मातकट, सुपारीच्या खांडाएवढेसुद्धा नाहीत. बोटांना राखाडी पूड लागली. मोजले, ५ निघाले. काकाजी एवढंच म्हणाले, “मॅसेज तं तुमचाच आला ना बाई.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. औषधाचे आणि मजुरीचे पैसे गेले ते गेलेच, पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण कोणी विसरलेलो नाही. ज्या फवारणीची गरज नव्हती, तिच्यासाठी दोन माणसांच्या पाठीवर मी पंप चढवला होता. तेव्हापासून हा विषय माझ्यासाठी नुसता सोयीचा राहिलेला नाही.

आता वेट नोड काय करतो ते बघा. थांबायचा वेळ ६५ सेकंदांहून जास्त असला की एनएटएन त्या रनची, म्हणजे वर्कफ्लोच्या त्या एका फेरीची, सगळी माहिती डेटाबेसमध्ये ठेवून देतं आणि वेळ झाली की तिथूनच पुढे चालू करतं. म्हणून मधात कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला तरी ते काम हरवत नाही. हा त्याचा मोठा गुण आहे. पण ठेवली जाते ती ११ वाजताची माहिती. त्यानंतर शीटमध्ये काहीही बदललं, कोणी आकडा सुधारला, एखाद्याचा फोन नंबर बदलला, तरी थांबलेल्या रनला त्याचा पत्ता नसतो. त्याच्या लेखी अजून ११ च वाजलेले असतात.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की ‘एक्झिक्यूट सब-वर्कफ्लो’ या नोडला वेळ सांगता येत नाही. तो बोलावतो म्हणजे आत्ताच बोलावतो. वेळ ठरवणं हे वेगळं काम आहे आणि ते ‘शेड्यूल ट्रिगर’चं, म्हणजे ठरल्या वेळी वर्कफ्लो सुरू करणाऱ्या नोडचं आहे. तुम्ही बोलावणं आणि वेळ ही दोन कामं एकाच जागी करायला पाहता, म्हणून मधात वेट घालावा लागतो.

तुमच्या गरजेपुरतं पाहिलं तर उपाय फार सोपा आहे. मेसेज रोज ७ वाजताच जायचा असेल तर पहिल्याने दुसऱ्याला बोलावूच नका. ११ चा वर्कफ्लो फक्त हिशेब करून शीटमध्ये लिहील. मेसेजच्या वर्कफ्लोला स्वतःचा शेड्यूल ट्रिगर द्या, संध्याकाळी ७ चा. तो उठेल, शीट नव्याने वाचेल, सरासरी पुन्हा काढेल आणि मग पाठवायचं की नाही ते ठरवेल. ३ वाजता सुधारलेला आकडा त्याला आपोआप दिसेल. अर्ध्या तासाचं काम आहे, आजच करा.

पण मला वाटतं, तुम्ही लवकरच यापुढे जाल. आमच्याकडे तसंच झालं. एका गावाला ७ ची वेळ सोयीची, दुसऱ्या गावात त्या वेळी भारनियमन, तिथे साडेआठच बरं. शिवाय फवारणीचा मेसेज गेला की ७ दिवसांनी ‘बोंडं फोडून अळी पाहा’ हा दुसरा मेसेज त्याच गावाला जायला हवा. म्हणजे वेळ आता घड्याळावर नाही, प्रसंगावर ठरते. इथे नुसता शेड्यूल ट्रिगर पुरत नाही आणि वेट तर ७ दिवस लावण्यात अर्थच नाही. अशा कामासाठी मी एक वही ठेवते. खरी वही नव्हे, शीटमधलंच एक पान, पण आम्ही त्याला सांगावा-वहीच म्हणतो.

वहीत रकाने मोजकेच: नोंद क्रमांक, गाव, कोणता मेसेज, केव्हा पाठवायचा, स्थिती. ११ चा वर्कफ्लो कोणालाही बोलावत नाही, वहीत ओळ लिहितो आणि मोकळा होतो. दुसरा एक छोटा वर्कफ्लो दर १० मिनिटांनी उठतो. मी त्याचं नाव ‘कोतवाल’ ठेवलं आहे, कारण काम तेच आहे. तो वहीत पाहतो, ज्या ओळींची वेळ झाली आहे आणि ज्या अजून ‘बाकी’ आहेत त्या उचलतो, आणि प्रत्येक ओळीसाठी ‘सांगावा पाठवणे’ या तिसऱ्या वर्कफ्लोला बोलावतो. इथे एक्झिक्यूट सब-वर्कफ्लो नोड आपल्या खऱ्या जागी येतो: आत्ता बोलवायचं आणि आत्ता काम करून घ्यायचं.

आता या बोलावण्यातले बारकावे, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

बोलावल्या जाणाऱ्या वर्कफ्लोची सुरुवात ‘व्हेन एक्झिक्यूटेड बाय अनदर वर्कफ्लो’ या ट्रिगरने करायची. त्यात आत काय येणार ते ठरवून देता येतं. मी तिथे एकच गोष्ट ठेवली आहे: नोंद क्रमांक. गाव नाही, सरासरी नाही, तयार मेसेज तर नाहीच. मी ३ वर्षं एका जिनिंगच्या ऑफिसात काटापट्टी लिहिली आहे. कापसाची बंडी काट्यावर आली की भरलेलं वजन, मग गंजीवर कापूस खाली करून रिकाम्या बंडीचं वजन, आणि या टेबलावरून त्या टेबलावर जातो तो फक्त पट्टीचा नंबर. हिशेबाच्या टेबलावरचा माणूस नंबर पाहून मूळ रजिस्टर उघडतो. कोणी तोंडी सांगितलेल्या वजनावर तो पैसे देत नाही. वर्कफ्लोचंही तसंच करा. नंबर द्या, बाकी त्याला स्वतः वाचू द्या. मग तो जे वाचेल ते त्या क्षणाचं खरं असेल. माझ्या त्या काकाजींच्या वेळी नेमकं हेच चुकलं होतं, मी मेसेज तयार करून हातात दिला होता.

बोलावणाऱ्या नोडमध्ये दोन तऱ्हा असतात. सगळ्या ओळी घेऊन एकदाच बोलवा, किंवा प्रत्येक ओळीसाठी वेगळं बोलवा. आपल्याला दुसरी हवी. एका गावाच्या यादीत चुकीचा नंबर निघाला तर कोणत्या ओळीपाशी अडलं ते रनच्या यादीत लगेच सापडतं. शिवाय नोडच्या सेटिंगमध्ये चूक झाली तरी पुढे चालू ठेवायचा पर्याय आहे, तो लावा, म्हणजे एका गावापायी बाकीची अडत नाहीत.

‘वेट फॉर सब-वर्कफ्लो कम्प्लीशन’ असा एक पर्यायही त्यात आहे. नावात वेट असलं तरी मघाच्या वेट नोडशी त्याचा संबंध नाही. तो चालू असेल तर बोलावणारा थांबतो, काम पूर्ण होऊन शेवटच्या नोडमधून जे निघतं ते त्याच्या हाती येतं. बंद असेल तर तो हाक मारून पुढे निघून जातो आणि पुढचं काम झालं की फसलं हे त्याला कधीच कळत नाही. कोतवालात मी तो चालू ठेवते. मेसेज गेला की नाही हे मला कळायलाच पाहिजे.

तिसरी गोष्ट भारनियमनाची. एनएटएनचं शेड्यूल हुकलेली वेळ भरून काढत नाही. ७ वाजता लाइन नसेल आणि पावणेआठला आली, तर ७ चा रन झाला नाही तो नाहीच. म्हणून कोतवालाच्या अटीत ‘वेळ बरोबर ७’ असं कधी लिहू नका, ‘वेळ होऊन गेली आहे आणि स्थिती बाकी आहे’ असं लिहा. लाइन आली की पहिल्याच फेरीत तो राहिलेल्या ओळी उचलतो. यालाच एक वेसणही हवी. ओळ १२ तासांहून जुनी असेल तर पाठवायची नाही, स्थितीत ‘शिळं’ लिहायचं आणि मला कळवायचं. दोन दिवस लाइन नसल्यावर परवाचा फवारणीचा मेसेज आज जाण्यात काही भलं नाही.

चौथी गोष्ट दुबार मेसेजची. १० मिनिटांच्या फेरीत यादी मोठी असली आणि काम संपलं नाही तर पुढची फेरी तरीही सुरू होते. आधीचा रन चालू आहे का, हे शेड्यूल ट्रिगर पाहत नाही. मग तीच ओळ दोघं उचलतात. यावर मी असं केलं आहे की ओळ उचलली की सगळ्यात आधी स्थिती ‘हातात’ लिहायची, मग मेसेज पाठवायचा, मग ‘गेला’ लिहायचं. मधातच लाइन गेली तर ओळ ‘हातात’ वरच अडकून राहते. ती पुन्हा आपोआप पाठवायची सोय मी मुद्दाम केलेली नाही. अशा ओळी मी स्वतः पाहते. दुसऱ्या कामात मी कदाचित वेगळं केलं असतं, पण फवारणीचा मेसेज दोनदा जाण्यापेक्षा एकदा माझ्या डोळ्यांखालून गेलेला बरा. दोनदा आलेला मेसेज म्हणजे दोनदा मारायला सांगितलं, असं समजणारी माणसं आपल्याकडे आहेत आणि त्यात त्यांची चूक नाही.

एक शेवटचं. प्रत्येक वर्कफ्लोच्या सेटिंगमध्ये ‘एरर वर्कफ्लो’ नावाची जागा आहे. तिथे ‘एरर ट्रिगर’ने सुरू होणारा एक छोटा वर्कफ्लो जोडा, जो तुमच्या फोनवर कळवेल. तपासताना लक्षात ठेवा, तुम्ही स्वतः बटण दाबून चालवलेला रन फसला तर तो वर्कफ्लो जागा होत नाही, आपोआप चाललेला रन फसला तरच होतो. हे न कळल्यामुळे मी दोन दिवस सेटिंग उलटीपालटी करत बसले होते.

प्रश्न : ताई, मी हिंगणघाटजवळच्या गावात राहते. बाजारभावाचा मेसेज आमच्या बचत गटाला सकाळी ६ ला जावा म्हणून एनएटएनमध्ये शेड्यूल लावलं. तो दुपारी साडेतीनला येत होता. मुलाने वेळ मागे-पुढे करून कसाबसा ६ वर आणला. आता नोव्हेंबर लागल्यापासून तो ७ ला येतो. कोणी हात लावला नाही. असं काऊन झालं?

उत्तर : ताई, तुमचं यंत्र न्यूयॉर्कच्या घड्याळावर चालू आहे. स्वतःच्या कॉम्प्युटरवर एनएटएन बसवताना टाइमझोन सांगितला नाही तर ते अमेरिकेतलं न्यूयॉर्क धरतं. तिथले सकाळचे ६ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे साडेतीन. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे घेतात, म्हणून तुमचा मेसेज एक तास उशिरा आला. मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर तो परत ६ ला येऊ लागला असता आणि तुम्हाला वाटलं असतं आपोआप बरा झाला. मुलाने केलेला बदल आधी काढा. मग वर्कफ्लोच्या सेटिंगमध्ये टाइमझोन एशिया/कोलकाता निवडा आणि वेळ सरळ ६ लिहा. बसवतानाच्या सेटिंगमध्ये ‘जेनेरिक टाइमझोन’ या नावाची जागा आहे, तिथेही हेच लिहून ठेवा, म्हणजे पुढे जो नवा वर्कफ्लो कराल तो योग्य घड्याळावरच जन्माला येईल.

एका वर्कफ्लोतून दुसरा बोलावत असाल तर दोन्हींचं हे सेटिंग वेगवेगळं असतं, दोन्हीकडे पाहून घ्या. आणि वरच्या भाऊंसाठीही सांगते, वेट नोड या सेटिंगला मुळीच जुमानत नाही, तो कॉम्प्युटरच्याच घड्याळावर चालतो.

प्रश्न : पुसदहून एक विद्यार्थी. मॅडम, आमच्याकडे सर्व्हर नाही. मी गुगल शीटमध्येच अॅप्स स्क्रिप्ट (शीटला जोडलेला छोटा प्रोग्राम) लिहून ३,००० सभासदांच्या नोंदी तपासतो. ६ मिनिटांनी ते बंद पडतं आणि अर्ध्या नोंदी राहतात. एका स्क्रिप्टमधून दुसरी ‘थोड्या वेळाने चाल’ अशी लावता येते का?

उत्तर : येते, आणि अॅप्स स्क्रिप्टमध्ये तर हेच करायचं असतं. एका रनला ६ मिनिटांची मर्यादा आहे, ती वाढवता येत नाही. म्हणून काम तुकड्यांत करा. साडेचार मिनिटं झाली की थांबा, कुठल्या ओळीपर्यंत आलात तो आकडा स्क्रिप्ट प्रॉपर्टीजमध्ये (स्क्रिप्टची माहिती जपून ठेवायची जागा) लिहा, आणि स्क्रिप्टमधूनच १ मिनिटानंतरचा नवा टाइम ट्रिगर तयार करा. पुढचा रन तो आकडा वाचून तिथून सुरू होईल.

फक्त सुरुवातीलाच आपला जुना ट्रिगर पुसून टाका. तसे ट्रिगर काम झालं तरी यादीत पडून राहतात, आणि एका स्क्रिप्टला एका माणसाचे २० च ट्रिगर चालतात. विसाव्यानंतर काम अर्ध्यावर थांबतं. आणि ‘रोज सकाळी ९ ते १०’ असा ट्रिगर लावलात तर तो त्या तासात केव्हाही सुटतो, बरोबर ९ ची अपेक्षा धरू नका.

प्रश्न : मी राळेगाव तालुक्यात सापळे मोजायचं काम करते. २ गावं, १० सापळे. सकाळी उजाडताच निघते. ज्या दिवशी पाऊस असतो किंवा लेकराला बरं नसतं, त्या दिवशी एका गावाचे सापळे राहतात. ऑफिसातले म्हणतात, रिकामं ठेवलं तरी चालते. पण मागच्या महिन्यात माझ्या गावात पतंग खूप होते, मी दोन दिवस ९-१० भरले, तिसऱ्या दिवशी पावसानं जाता आलं नाही, चौथ्या दिवशी पुन्हा ११ भरले आणि तरी मेसेज आला नाही. माझ्या हातून काही चुकलं काय?

उत्तर : नाही ताई. तुमचं काहीच चुकलेलं नाही. चूक वर्कफ्लो लिहिणाऱ्याची आहे, आणि तुम्ही ती नेमकी पकडली आहे.

रिकामा रकाना आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण वर्कफ्लोत आकड्यांचा हिशेब ज्या भाषेत होतो, त्या जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या मजकुराचा आकडा करायला सांगितला तर ती गुपचूप ० देते. ना चूक दाखवते, ना थांबते. तुमच्या तिसऱ्या दिवसाचं तेच झालं असणार. पावसाने न मोजलेला दिवस ‘पतंग नाही’ असा धरला गेला, सलग ३ रात्रींची साखळी तुटली, आणि चौथ्या दिवशी तुमचे ११ पतंग पहिला दिवस म्हणून मोजले गेले. तुमच्या गावात त्या आठवड्यात खरोखर फवारणीची वेळ आली असेल, तर ती या एका रिकाम्या रकान्याने हुकली.

हे तुमच्या ऑफिसात दाखवा. आकड्यात बदलण्याआधी रकाना रिकामा आहे का ते तपासायचं. रिकामा असेल तर त्या रात्रीपुढे ‘मोजलं नाही’ लिहायचं. अशा रात्रीमुळे साखळी तुटत नाही आणि वाढतही नाही. ९, १०, मोजलं नाही, ११ अशी ओळ आली की सलग ३ धरायचे की नाही हे यंत्राने ठरवू नये. त्या गावाचं नाव कृषी सहायकांकडे जावं, त्यांनी वावरात जाऊन बोंडं पाहावीत.

आणि बोलावण्याचं तंत्र तुमच्यासाठीही वापरता येईल. आमच्याकडे १० वाजून गेले आणि एखाद्या गावाचा आकडा आला नाही, तर हिशेबाचा वर्कफ्लो ‘विचारणा’ नावाच्या वर्कफ्लोला बोलावतो. तो मोजणाऱ्या ताईंना एकच ओळ पाठवतो: ‘आज जमलं नाही का? १ लिहून पाठवा.’ १ आला की नोंद ‘मोजलं नाही’, आकडा आला की आकडा. हा वर्कफ्लो आधी रागावल्यासारखी भाषा वापरायचा, ‘नोंद प्रलंबित आहे, त्वरित भरा’. आमच्याच एका ताईंनी सांगितलं की हे वाचून भीती वाटते आणि मग बाया अंदाजे आकडा टाकून मोकळ्या होतात. ओळ बदलली. त्यानंतर मी पाहते आहे, १ लिहून पाठवणाऱ्या वाढल्या आहेत, आणि मला तो १ कुठल्याही अंदाजे आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट ऑफिसाकडे हक्काने मागा. संध्याकाळी शेतकऱ्यांना जो मेसेज जातो, तो मोजणाऱ्या बाईलाही गेला पाहिजे, आणि गेला नाही तर का गेला नाही तेही तिला कळलं पाहिजे. सांगावा-वहीत एक रकाना वाढवला की होतं. आमच्याकडे रोज ७ ला १६ बायांना असा मेसेज जातो: ‘तुमच्या गावाची सरासरी ६.२, आज फवारणीचा मेसेज नाही.’ तुम्ही उजाडताच चिखल तुडवत जाता, तुमच्या आकड्याचं संध्याकाळी काय झालं ते तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळायला हवं.

त्या चार दिवसांच्या नोंदवहीच्या पानाचा फोटो मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवाल का? तुमच्या ऑफिसातल्या भाऊंशी मी बोलेन, आणि त्यांना हवं असेल तर आमचा ‘मोजलं नाही’वाला वर्कफ्लो जसाच्या तसा देईन.